फिलिपिन्सला निघालेल्यांसाठी ‘स्पॅनिश शब्दसंच’: काय घ्यावं, काय दुरुस्त करावं

सेबू किंवा दावाओला डॉक्टरकी शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका सल्ला केंद्रात भाषेचा वर्ग चालतो. आठ रविवार, दर वेळी दीड तास, फी साडेचार हजार रुपये. त्यात ९६ पानांची स्पायरल पुस्तिका, २०० कार्डांचा डबा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ऑडिओ फायली मिळतात. वर्ग नको, नुसता संच हवा असेल तर ९०० रुपये. केंद्राचं नाव इथे देत नाही, कारण हाच संच मुखपृष्ठ बदलून शहरात आणखी एक-दोन ठिकाणी विकला जातो आणि त्याचे गुणदोष सगळीकडे तेच आहेत.

कल्पना साधी आहे. फिलिपिन्सवर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनची सत्ता होती. तेवढ्या काळात टागालोग (मनिलाकडची) आणि सेबुआनो (सेबू-दावाओकडची) या दोन्ही भाषांत हजारो स्पॅनिश शब्द मुरले. वार, महिने, घड्याळाची वेळ, भांडीकुंडी, कपडे, पैसे, दवाखाना, सगळीकडे ते आहेत. हे शब्द आधी पक्के करायचे, म्हणजे पहिल्या महिन्यात बाजारहाट आणि ओपीडी निभून जाते, व्याकरण मागाहून. कॉलेजात शिकवणं इंग्रजीत असतं हे खरं, पण वॉर्डातला पेशंट आणि भाजीवाली तुमच्याशी इंग्रजीतच बोलतील असं नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. आकडे, वेळ आणि बाजार हे धडे पैसे वसूल करणारे आहेत. उच्चाराचा धडा चांगला, पण अपुरा. दवाखान्याचा धडा सगळ्यात गरजेचा, आणि नेमका तोच घाईत उरकलेला. सगळ्यात मोठी खोट म्हणजे टागालोग आणि सेबुआनो या दोन वेगळ्या भाषा आहेत याचं भान पुस्तिकेला पानोपानी सुटतं. मनिलाला जाणाऱ्याने संच बिनधास्त घ्यावा. सेबू-दावाओला जाणाऱ्याने घ्यावा, पण लाल पेन हातात ठेवून.

आकड्यांपासून सुरू करू, कारण इथे पुस्तिकेने खरंच डोकं लावलंय. दोन्ही भाषांना स्वतःचे आकडे आहेत. टागालोगमध्ये इसा, दालावा, तात्लो, आपात. सेबुआनोत उसा, दुहा, तुलो, उपात. पण किंमत, घड्याळ आणि वय यांसाठी माणसं सर्रास स्पॅनिश आकड्यांकडे वळतात: उनो, दोस, त्रेस, कुवात्रो, सिंको, साइस, सियेते, ओत्सो, नुवेबे, दियेस. सेबुआनोत तर दहाच्या पुढे स्पॅनिशच जास्त ऐकू येतं. पुस्तिका पहिल्याच पानावर दोन रकाने करते, एकात ‘मोजायचे’ आकडे आणि दुसऱ्यात ‘किंमत-वेळेचे’ आकडे. बाजारात मिळणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत हे दोन्ही एकाच यादीत कोंबलेले असतात आणि कुठे कोणता वापरायचा हे कोणी सांगत नाही.

चुका कुठे होतात तेही बरोबर हेरलंय. दोस म्हणजे दोन आणि दोसे म्हणजे बारा. त्रेस तीन, त्रेसे तेरा. सेसेन्ता साठ आणि सेतेन्ता सत्तर, मधला एकच वर्ण वेगळा. गोंगाटात सुक्या मासळीवाल्याने सेतेन्ता म्हटलं की नवखा साठच ऐकतो. वीसच्या पुढे मराठी डोक्याची आणखी एक पंचाईत होते. आपण पस्तीस म्हणताना पाच आधी उच्चारतो; तिथे त्रेन्ताय सिंको, म्हणजे तीस आधी आणि पाच नंतर. ऐकून लिहिताना घाईत अंक उलटे पडतात. वर्गात यासाठी दहा मिनिटांचा श्रुतलेख घेतात: बाई आकडे वाचतात, मुलं नोटेच्या रकमा लिहितात. हा सराव घरी दोघांनी मिळूनही करता येतो आणि आठही रविवार तो करावाच. शंभराच्या पुढचे शब्द मात्र पुस्तिकेत तोकडे आहेत. सियेन्तो बेइन्ते (१२०), दोसियेन्तोस (२००), किन्येन्तोस (५००), मिल (१०००) एवढे हाताने लिहून घ्या. मोठ्या रकमा लोक इंग्रजीतही सांगतात, त्यामुळे याहून पुढे डोकं शिणवायची गरज नाही.

वेळेचा धडा तर छोटेखानी नमुनाच म्हणावा. स्पॅनिशमधलं ‘आ लास त्रेस’ तिथे आलास-त्रेस असं एकजीव झालंय. एक वाजता म्हणजे आला-उना, बाकी सगळे आलास लावून: आलास-दोस, आलास-सिंको, आलास-दोसे. साडेदोन म्हणजे आलास-दोस इ मेद्या, बोलताना नुसतं आलास-दोस मेद्या. तास म्हणजे ओरास. आता गोम इथे आहे. आलास-ओत्सो म्हणजे आठ वाजता. आठ तास म्हणजे टागालोगमध्ये वालोंग ओरास आणि सेबुआनोत वालो का ओरास. म्हणजे घड्याळाला स्पॅनिश आकडा, मोजणीला देशी. औषध दर आठ तासांनी घ्यायला सांगायचं असेल तर कादा वालोंग ओरास. त्याऐवजी कादा आलास-ओत्सो म्हटलं तर पेशंट रोज आठ वाजता एकदाच गोळी घेईल, आणि यात त्याचा काही दोष नाही. पुस्तिकेत हे दोन्ही आहे, पण २२ व्या आणि ५८ व्या पानावर, एकमेकांपासून छत्तीस पानं लांब. ही दोन कार्डं डब्यातून काढून एकत्र पिनने टाचून ठेवा.

वार दोन्हीकडे जवळपास सारखे: लुनेस, मार्तेस, मियेर्कोलेस, हुवेबेस, बियेर्नेस, साबादो. रविवारी मात्र रस्ते फुटतात. टागालोगमध्ये लिंग्गो म्हणजे रविवार आणि तोच शब्द आठवड्यालाही. सेबुआनोत रविवार दोमिंग्गो आणि आठवडा सेमाना. दोन लिंग्गो औषध घ्या, असं सेबूच्या खेड्यातल्या आजीला सांगितलं तर ती चेहऱ्याकडे बघत राहील. पुस्तिकेत लिंग्गो एवढं एकच कार्ड आहे.

आता उच्चार. देवनागरीत छापायचा निर्णय योग्यच, कारण रोमन लिपीतून आपली मुलं इंग्रजीच्या वळणाने वाचतात. शिवाय मराठीच्या च चा इथे मोठा फायदा होतो. त्या भाषांतला ‘त्स’ हा आवाज म्हणजे आपल्या चाक, चमचा, चोर यांतला च. कुचारा (मोठा चमचा), कुचिल्यो (सुरी), चिनेलास (चप्पल), कोचे (गाडी) हे सगळे त्या च चे. पण नागपुरात हिंदीचा रेटा असा की अर्धा वर्ग हाच च ‘चार’मधल्यासारखा वाचतो. पुस्तिकेने अशा च खाली एक टिंब दिलं असतं तर प्रश्न मिटला असता. तुम्हीच पेनने द्या. असे शब्द तीसेक असतील.

ध्वनी कसे बदलतात याचा एक तक्ता आहे आणि तो पाठ करण्याच्या लायकीचा आहे. फ चा प होतो: काफे ते कापे, फेब्रेरो ते पेब्रेरो. व लिहिलेला असतो तिथे ब: वेन्ताना ते बिन्ताना (खिडकी), वाका ते बाका (गाय, गोमांस). न्य तसाच टिकतो: बान्यो (न्हाणीघर), पिन्या (अननस). स्पॅनिशमधल्या जोड ल चा कधी ल्य, कधी नुसता य: सिल्या (खुर्ची), पण काबायो (घोडा). स्पॅनिश ‘जे’ (j) या अक्षराचा ह: हुवेबेस, त्राबाहो (काम). या शेवटच्या नियमाखाली पुस्तिका साबोन (साबण), रेलोस (घड्याळ) आणि सुगाल (जुगार) हे ‘अपवाद’ म्हणून टाकून मोकळी होते. ते अपवाद नाहीत. सोळाव्या शतकात स्पॅनिशमध्ये हा आवाज श च्या जवळचा होता. त्या काळात आलेल्या शब्दांत त्याचा स झाला. स्पेनमध्ये उच्चार घशाकडे सरकल्यावर जे शब्द आले त्यांत ह. एवढं कळलं की तीन शब्द वेगळे घोकावे लागत नाहीत.

आघात (अक्षरावरचा जोर) आणि कंठरोध (घशात आवाज अडवणं) यांवर मात्र पुस्तिका जवळजवळ गप्प आहे, आणि हे महागात पडतं. टागालोगमध्ये बाका शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर गाय. दुसऱ्यावर जोर देऊन शेवटी आवाज तोडला तर ‘कदाचित’. बाता हा शब्द मोकळा सोडला तर स्पॅनिशमधून आलेला झगा, दवाखान्यात घालतात तसा. शेवटी घशात आवाज अडवला तर लहान मूल. मराठीत आघाताने अर्थ फारसा बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला ही सवय नसते. ऑडिओ फायलींत फरक ऐकू येतो, पण छापील शब्दावर खूण नाही. ऑडिओ ऐकता ऐकता जोराच्या अक्षराखाली रेघ मारत जाणं हा एवढाच उपाय आहे. कंटाळवाणं काम आहे, पण दोन बैठकांत उरकतं.

अनेकवचनाबद्दल एक छान पान आहे. सिबुयास (कांदा), सापातोस (बूट), मान्सानास (सफरचंद), उबास (द्राक्ष), बायाबास (पेरू) हे मुळात स्पॅनिश अनेकवचनी शब्द, पण तिथे एकाच कांद्यालाही सिबुयासच म्हणतात. अनेक दाखवायचे तर आधी मांगा लावायचं: मांगा सापातोस. शेवटचा स काढून एकवचन करायच्या फंदात पडू नये. माणसांच्या बाबतीत मात्र स्पॅनिश लिंगभेद टिकलाय: तिन्देरो-तिन्देरा (दुकानदार), दोक्तोर-दोक्तोरा, ग्वापो-ग्वापा (देखणा-देखणी). महिला डॉक्टरला दोक्तोरा म्हणतात, आणि मुलींना ही हाक पहिल्या दिवसापासून ऐकायला मिळेल.

‘आपले ओळखीचे’ हे प्रकरण वाचायला मजेदार आहे. बादलीला तिथे बाल्दे, साबणाला साबोन, चिकूला चिको. बादली आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, तिकडे स्पॅनिशांनी, शब्द एकाच घरातले. चिकूचा मूळ शब्द तर मेक्सिकोतला. फिलिपिन्सचा कारभार १८२१ पर्यंत मेक्सिकोतून चालायचा आणि १५६५ ते १८१५ मनिला ते आकापुल्को गलबतं ये-जा करत, म्हणून कामोते (रताळं), सायोते, कामातिस (टोमॅटो), चोकोलाते आणि बाजाराला तियांगे असे मेक्सिकोच्या देशी भाषेतले शब्द स्पॅनिशच्या पाठीवर बसून आले. पुस्तिका हे सगळे ‘स्पेनचे शब्द’ म्हणून टाकते. शिकणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही, तेव्हा सोडून द्या.

चावीजवळ मात्र थांबा. पुस्तिका चावी–यावे–स्पॅनिश याबे अशी साखळी देते आणि पुढे निघून जाते. एक तर यावे हा सेबुआनो शब्द; टागालोगमध्ये किल्लीला सूसी म्हणतात, आणि तो चिनी मुळाचा आहे. टागालोगमध्ये त्याच स्पॅनिश शब्दाचं लियाबे झालं, पण तो पाना, नळ पिळायचा. दुसरं म्हणजे सेबुआनोत यावा हा सैतानाला उद्देशून असलेला शब्द आहे आणि रोजची शिवी आहे. होस्टेलच्या घरमालकिणीकडे किल्ली मागताना शेवटचा स्वर ढिला सुटला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. कार्डावर ‘ए स्पष्ट’ असं लिहून ठेवा.

आता मुख्य तक्रार. मुखपृष्ठावर ‘टागालोग-सेबुआनो’ असं छापलंय, आत दोन रकानेही आहेत, पण निम्म्याहून जास्त ठिकाणी सेबुआनो रकान्यात टागालोग शब्दच परत ठेवलाय. स्पॅनिश शब्द आहे म्हणजे दोन्हीकडे असणारच, असं संपादकांनी गृहीत धरलं. तसं नाही. कोणत्या कामाला कोणत्या भाषेने स्पॅनिश शब्द घेतला आणि कुठे घरचाच ठेवला, यात दोघींचं पटत नाही. लसूण टागालोगमध्ये बावांग, सेबुआनोत आहोस, स्पॅनिशमधून. स्वस्त टागालोगमध्ये मुरा, सेबुआनोत बारातो. सेबुआनोत मुरा म्हणजे ‘सारखं’, त्यामुळे टागालोगमधलं स्वस्त तिथे काहीतरी भलतंच होतं. पैसे टागालोगमध्ये पेरा, सेबुआनोत क्वार्ता, दोन्ही स्पॅनिश नाण्यांवरून पण वेगवेगळ्या. स्वच्छ टागालोगमध्ये मालिनिस, सेबुआनोत लिम्प्यो. बोलणं-गप्पा सेबुआनोत इस्तोर्या. टागालोगमध्ये गोष्टीला आणि गप्पांना कुवेन्तो. सकाळच्या न्याहारीला टागालोगमध्ये स्पॅनिशमधून आलेला आल्मुसाल, तर सेबुआनोत घरचाच पामाहाव.

सगळ्यात घोटाळ्याचा शब्द पिला. टागालोगमध्ये स्पॅनिश फिलावरून आलेला पिला म्हणजे रांग. सेबुआनोत पिला हा देशी शब्द, अर्थ ‘किती’. दावाओच्या औषधाच्या दुकानात रांगेबद्दल विचारायला गेलात तर तुम्ही किंमत विचारताय असं वाटून समोरचा आकडा सांगेल. रांगेला तिकडे लिन्या म्हणा. पुस्तिकेत दोन्ही रकान्यांत पिला, अर्थ रांग.

प्रवासाचं पानही टागालोगचंच. जीपनी (तिथली सार्वजनिक प्रवासी गाडी) थांबवायला मनिलात ‘पारा पो’, हे पान ठळक अक्षरांत शिकवतं. सेबू आणि दावाओत उतरायचं असलं की ‘लुगार लांग’ म्हणतात. लुगार म्हणजे जागा, तोही स्पॅनिशच. पारा म्हटलं तरी गाडी थांबेल, पण अख्खी गाडी वळून बघेल. भाडं टागालोगमध्ये पामासाहे, सेबुआनोत प्लेते. सरळ म्हणजे दिरेत्सो, हा दोन्हीकडे चालतो. डावी-उजवी देशी शब्दांतच आहे आणि ती पुस्तिकेत नाहीच: टागालोगमध्ये कालिवा-कानान, सेबुआनोत वाला-तुओ. टागालोग येणाऱ्याला वाला म्हणजे ‘नाही’ वाटतं, आणि सेबुआनोतही ‘नाही’ला वालाच, फरक उच्चाराचा. रिक्षावाल्याला हात दाखवून सांगितलेलं बरं.

त्यातच ‘पो’. टागालोगमध्ये मोठ्यांशी बोलताना वाक्यात पो घालतात आणि एकाच माणसाला अनेकवचनी कायो म्हणतात, अगदी आपल्या तुम्हीसारखं. मराठी मुलांना हे पटकन रुचतं. मग ती सेबुआनो वाक्यांतही पो पेरत सुटतात, कारण पुस्तिकेनेच तशी वाक्यं छापलीत. सेबुआनोत पो नाही. तिथे आदर पालिहोग (कृपया), आवाजाचा पोत आणि मानोंग-मानांग अशा हाका यांतून येतो. ६१ व्या पानावरची सगळी सेबुआनो वाक्यं पो खोडून वाचा.

दवाखान्याचा धडा. शब्द चांगले निवडलेत: ओस्पिताल, पास्येन्ते, रेसेता (औषधाची चिठ्ठी), बोतिका, बाकुना (लस), ओपेरास्योन, इम्पेक्स्योन, सिन्तोमास, पुल्मोन्या (न्यूमोनिया), ट्रांकासो (फ्लू), रायुमा (संधिवात), आल्मोरानास (मूळव्याध), रेग्ला (पाळी), एदाद (वय). हे दोन्ही भाषांत चालतात. मात्र औषधाला टागालोगमध्ये गामोत आणि सेबुआनोत ताम्बाल. तापाला टागालोगमध्ये लाग्नात, सेबुआनोत हिलानात किंवा स्पॅनिशमधून आलेला कालिन्तुरा. पुस्तिकेत नुसता लाग्नात आहे. दम्याला टागालोगमध्ये हिका, सेबुआनोत हुबाक, हेही नाही. रक्तदाब वाढल्याला पुस्तिका आल्ताप्रेस्योन शिकवते आणि शब्द बरोबरच आहे, पण ओपीडीत पेशंट ‘हायब्लड’ म्हणून मोकळा होतो. दोन्ही माहीत असावेत.

जे घ्यायला हवं होतं आणि नाही ते म्हणजे पास्मा आणि एम्पाचो. पास्मा हा लोकसमजुतीतला आजार, शब्द स्पॅनिश. अंग तापलेलं असताना गार पाण्याशी संबंध आला की हात थरथरतात, तळव्यांना घाम येतो, असं लोक मानतात. इस्त्री करून लगेच हात धुवू नयेत, हा त्यातलाच सल्ला. मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या माठातलं पाणी पिऊ नको म्हणून दटावणाऱ्या नागपुरी घरातल्या मुलाला हे समजायला वेळ लागू नये. एम्पाचो म्हणजे पोट गच्च होणं, अपचन. पेशंट स्वतःहून पास्मा म्हणतो. तेव्हा हसून न सोडता त्याला नेमकं काय होतंय ते विचारायचं. थरथर आणि घामामागे साखर कमी होणं किंवा थायरॉइड असू शकतं.

बिस्यो हा आणखी एक कामाचा शब्द. सिगारेट, दारू, जुगार, सगळी व्यसनं एका शब्दात. पेशंटची माहिती घेताना हा एक प्रश्न विचारला की बरंच निघतं. पुस्तिकेत तो ‘वाईट सवय’ म्हणून शेवटच्या पानावर पडलाय.

आणि सिगुरो. स्पॅनिश थोडीफार येणारा हा शब्द ऐकून ‘नक्की’ समजतो, कारण स्पॅनिशमध्ये अर्थ तोच. तिथे सिगुरो म्हणजे ‘बहुतेक, असेल’. गोळ्या संपवल्या का, या प्रश्नावर पेशंट सिगुरो म्हणाला तर संपवल्या असं लिहून मोकळं व्हायचं नाही. नक्कीला सिगुरादो. टागालोगमध्ये सेगुरो म्हणजे विमा, तोही दवाखान्यातच लागतो. पुस्तिकेत या तिन्हींचा एकच अर्थ दिलाय: ‘खात्री’. संचातली ही सगळ्यात धोक्याची चूक, आणि याच एका कार्डासाठी पुढची आवृत्ती काढायला हवी.

असेच फसवे आणखी थोडे. सियेम्प्रे स्पॅनिशमध्ये ‘नेहमी’, तिथे ‘अर्थातच’. लेचे स्पॅनिशमध्ये दूध, टागालोगमध्ये वैतागल्यावरची शिवी, दुधाला गातास. पुतो स्पॅनिशमध्ये घाण शब्द, तिथे तांदळाचा वाफवलेला गोड पदार्थ, इडलीच्या जवळचा, बिनधास्त मागावा. ग्राबे मुळात ‘गंभीर’, पण तरुण पोरं कशालाही ग्राबे म्हणतात. पेशंटच्या तोंडी दोन्ही अर्थ शक्य, तेव्हा वेदना दहापैकी किती ते विचारावं.

क्रियापदांना आठवा रविवार दिलाय आणि तो पुरत नाही. स्पॅनिश शब्द घेतला तरी तो चालतो देशी उपसर्गांवर. त्राबाहो घ्या. टागालोगमध्ये ‘काम करतोय’ म्हणजे नागतात्राबाहो. नाग लागला आणि पहिलं अक्षर दुणावलं. सेबुआनोत अक्षर दुणावत नाही: चालू कामाला नागत्राबाहो, झालेल्याला मित्राबाहो, होणाऱ्याला मोत्राबाहो. वॉर्डात रोज लागणारं रूप म्हणजे ऑपरेशन झालेलं असणं. मूळ ओपेरा, त्याला मागे हान. टागालोगमध्ये इनोपेराहान, सेबुआनोत गिओपेराहान. हा एक साचा उलगडून दाखवला असता तर विद्यार्थ्याने पुढचे वीस शब्द स्वतः बांधले असते. वर्गात मात्र टागालोग रूपांचा तक्ता फळ्यावर उतरवून घेतात आणि सेबुआनो ‘तिकडे गेल्यावर येईल’.

खाण्याचं प्रकरण वाचून शाकाहारी घरातले पालक निर्धास्त होतात, होऊ नये. गुलाय म्हणजे भाजी एवढंच दिलंय. गुलायमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा सुकट असणं तिथे सर्रास आहे, आणि सेबुआनोत भाजीला उतान म्हणतात. कार्ने (मांस), हामोन, तोसिनो, लोंगानिसा, आदोबो, मेनुदो, काल्देरेता ही नावं ऐकून मागे सरायचं, सगळी मांसाची. मांस नको म्हणायला टागालोगमध्ये वालांग कार्ने, सेबुआनोत वालाय कार्ने. पण मासा त्यात येत नाही, तो वेगळा सांगावा. मान्तिका म्हणजे तळणीचं तेल किंवा चरबी, कोणतं ते विचारावं लागतं. तोर्ता हा शब्दही दोन वाटांनी गेलाय: मनिलात तोर्तांग तालोंग म्हणजे वांग्याचं ऑम्लेट, सेबूकडे तोर्ता म्हणजे केक, आणि जुन्या पद्धतीच्या केकमध्ये डुकराची चरबी असते.

सेवेबद्दल थोडक्यात. बाई टागालोग बोलण्यात मुरलेल्या, शिकवणं मोकळं, प्रश्नांना वेळ देतात. बॅच वीसच्या वर गेली की श्रुतलेख तपासून होत नाही, तेव्हा नोंदणी करताना संख्या विचारा. ऑडिओ फायली व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, त्यांना नावं नाहीत; उतरवून घेऊन धड्याप्रमाणे नावं दिली नाहीत तर महिन्याभरात काही सापडणार नाही. कार्डं जाड आहेत, पण कोपरे कातरलेले नाहीत, डबा पुठ्ठ्याचा.

दुरुस्तीसाठी बाहेरून काही घ्यायचं तर विकत काही लागत नाही. जॉन वोल्फ यांचा १९७२ चा सेबुआनो-इंग्रजी कोश प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. त्यात शोधताना एक युक्ती लागते: वोल्फ यांनी आ, इ, उ हे तीनच स्वर वापरलेत. यावे शोधलं तर सापडत नाही, यावि सापडतं, त्राबाहोऐवजी त्राबाहु. गूगल ट्रान्सलेटमध्ये फिलिपिनो आणि सेबुआनो अशा दोन वेगळ्या भाषा आहेत. एकच शब्द दोन्हींत टाकून बघितला की पुस्तिकेतली खिचडी लगेच दिसते. पूर्ण वाक्यं त्यातून काढून पेशंटला वाचून दाखवू नका.

सेबू-दावाओला जाणाऱ्यांनी वर्गाचे साडेचार हजार देण्यापेक्षा ९०० चा संच घ्यावा, आकडे-वेळ-ध्वनितक्ता एवढं आधी करावं, मग सेबुआनो रकाना कोशातून दुरुस्त करत जावा. मनिलाच्या मुलांनी वर्गच लावावा. पैसे देण्याआधी पुस्तिका हातात घेऊन ६१ वं पान उघडा: सेबुआनो वाक्यांत पो दिसला तर ती जुनीच छपाई आहे.